दूध आटवणारा मोगरा

सोमेश्वरनगरच्या कौसल्याबाईंकडे प्रत्येक दुखण्यावर काहीतरी असायचंच. मुरगळलेल्या पायाला आंबेहळद, पोरांच्या पोटाला ओवा. स्वतःची सात बाळंतपणं त्यांनी उसाच्या कामातच निभावली. एक मूल अंगावरचं सुटलं न सुटलं तोच दुसऱ्याची चाहूल लागायची. त्यामुळं महिन्याला बाजूला बसायची वेळ त्यांच्यावर फारशी आलीच नाही. जावा चिडवायच्या, "कौसल्येला इसावा कसा तो ठावंच न्हाय."

म्हणूनच धाकट्या लेकीला, सुप्रियाला, त्यांनी हट्टानं शिकवलं, घरच्यांशी भांडून तिचं लग्न लांबवलं. ती बारामतीत कचेरीत लागली. तिशी गाठता गाठता एक मुलगी झाली आणि तिनं पुरे म्हटलं. कौसल्याबाईंनीही पुरेच म्हटलं. रजा संपत आली तरी सुप्रियाचा पान्हा आवरेना, पदर भिजायचा. तेव्हा कौसल्याबाईंनी अंगणातला मोगरा तोडला आणि फडक्यात घालून तिच्या छातीला बांधला. हळूहळू दूध आटलं.

सत्त्याण्णव साली त्याच छातीत गाठ निघाली, कॅन्सरची.

पुण्याच्या डॉक्टरीणबाईंनी सगळं विचारून घेतलं आणि शांतपणे समजावलं. बाईचं शरीर फार जुन्या काळात घडलं. लवकर मूल, मग वर्षानुवर्षं अंगावर पाजणं, पाळी कमीच. राहणी एक-दोन पिढ्यांत पालटली, शरीराला इतक्या लवकर पालटता येत नाही. आता पाळी महिन्यामागून महिना येते, दरवेळी छाती दुधाच्या तयारीला लागते, नव्या पेशी वाढतात, आणि त्यात कधीतरी चुकतं.

कौसल्याबाईंनी एकच विचारलं, "म्हंजी म्या फुलं बांधली त्यानं झालं?"

"एवढ्यानं होत नाही, आजी. पण हिलाच का झालं, ते कुणालाच सांगता यायचं नाही."

बाहेर बाकावर सुप्रिया म्हणाली, "फुलं मीच मागितली होती, आई. नोकरी सोडायची नव्हती मला."

"सोडायची न्हाईच," कौसल्याबाई म्हणाल्या. "सात काढून म्या तरी काय मिळवलं? दोन मातीआड गेलीच की."



ऑपरेशनच्या दिवशी सकाळी जावई विजयसिंह जीप घेऊन त्यांना दवाखान्यात न्यायला आले. सुट्टीला आलेली नात अंजली ओंजळभर मोगरा घेऊन समोर उभी राहिली. "आज्जी, मम्मीला गजरा करून दे ना. तिला आवडतो."

नको म्हणावं, तर का ते लेकराला काय सांगणार? कौसल्याबाईंनी फुलं ओच्यात घेतली, दोरा ओला केला. जीपचा हॉर्न दुसऱ्यांदा वाजला, तरी त्यांच्या हातून पहिलं फूलही ओवलं गेलं नव्हतं.