साडेदहा मीटर

बंदर कचेरीत आम्ही सगळे त्यांना दोरीमास्तर म्हणायचो, कारण समुद्राची खोली मोजायची दोरी त्यांच्याकडे असायची. दोरीच्या टोकाला शिशाचं जड वजन, वजनाच्या बुडाला एक खोलगट वाटी आणि त्या वाटीत चरबी भरलेली. शिसं तळाला टेकलं की दोरीवरच्या खुणेवरून खोली कळायची आणि वर ओढलं की चरबीला काय चिकटलंय त्यावरून तळ कळायचा. वाळू असली तर वाळूचे कण, गाळ असला तर गाळ. मास्तर तो गाळ बोटांत चोळायचे, नाकाशी धरायचे आणि मगच वहीत लिहायचे. एका नव्या साहेबांनी त्यांना गमतीने विचारलं होतं की चव नाही का बघत. मास्तर म्हणाले, बघतो, पण साहेबांसमोर नाही.

माझं काम त्यांच्यापेक्षा सोपं. मास्तर नावेतून खोली मोजत असताना मी धक्क्यावर उभा राहायचो आणि पाण्यात रोवलेल्या खांबावर पाणी ओहोटीपासून किती चढलंय तो आकडा दर दहा मिनिटांनी लिहायचो. आमच्याकडे भरतीला पाणी तीन मीटर चढतं. खोली सांगायची ती मात्र ओहोटीची, पाणी सगळ्यात खाली गेलेलं असतानाची, कारण जहाज तळाला लागतं ते तेव्हाच. म्हणून मास्तरांच्या आकड्यातून माझा आकडा वजा करायचा. मास्तरांचा रकाना डावीकडे, माझा उजवीकडे आणि शेवटी वजाबाकी. तीस वर्षं आम्ही हेच केलं. दुसरं काही करता आलं असतं असं मला वाटत नाही, निदान मला तरी.

मास्तरांना माणसं लक्षात राहायची. अमुक दिवशी नावेवर कोण होतं, कोणाला उलटी झाली, कोणी टोपी पाण्यात घालवली, सगळं तोंडपाठ. वीस वर्षांपूर्वीची गोष्ट काल घडल्यासारखी सांगायचे. हे आधीच सांगून ठेवतो.

त्या वर्षी सरकारने बाहेरच्या कंपन्यांना बोलवायचं ठरवलं. राज्याची एक गुळगुळीत पुस्तिका निघाली आणि आमच्या कचेरीच्या खालच्या मजल्यावर गुंतवणूक कक्ष उघडला. तिथे पाहुण्यांना माहिती सांगायला मास्तरांच्या लेकीची नेमणूक झाली. ती हुशार. सगळी पुस्तिका तिने पाठ केली होती. लांबच लांब किनारा, गावोगावी पोचलेला रस्ता, न जाणारी वीज, शिकलेले हात, एका खिडकीत मिळणारे परवाने. तिची चार वर्षांची मुलगीसुद्धा झोपाळ्यावर बसून ‘शिकलेले हात, शिकलेले हात’ असं म्हणत झोके घ्यायची. पुस्तिकेत खोटं काही नव्हतं. रस्ता खरंच होता, वीज खरंच जात नव्हती. आणि सातव्या पानावर, बंदराच्या फोटोखाली, मास्तरांची ओळ होती: खाडीच्या मुखाशी नैसर्गिक खोली साडेदहा मीटर. मास्तर ती पुस्तिका शर्टाच्या आत, पोटाशी धरून घरी घेऊन गेले होते.

एक मोठी कंपनी त्या ओळीवरच यायला निघाली होती. त्यांना भरलेली जहाजं लागतील असा धक्का बांधायचा होता. गाव नुसतं बातमीनेच बदललं. दुकानांच्या पाट्या रंगवल्या गेल्या, घरांवर ‘भाड्याने देणे’ लागलं, न्हाव्याने आरसा बदलला. मास्तरांच्या घरात तर दिवस मोजणं चाललं होतं. त्यांचा जावई जहाजावर इंजिनघरात कामाला. वर्षातले दहा महिने पाण्यावर. पोर त्याला फोनमधलाच बाप समजायची, तो घरी आला की त्याच्याजवळ जायला आठवडा घ्यायची. कंपनीने त्याला लेखी कळवलं होतं की इथलं काम सुरू झालं की दुरुस्तीच्या कारखान्यात त्याची जागा नक्की. लेकीने ते पत्र देवघराशेजारच्या भिंतीवर लावलं होतं.

कंपनीची माणसं यायच्या दहा दिवस आधी साहेबांनी मास्तरांना जुनी वही काढायला सांगितली. पाहुण्यांना मूळ नोंद दाखवू, हाताने लिहिलेली, बरं दिसतं. आम्ही दोघांनी कपाटातून एकोणतीस वर्षांपूर्वीची वही काढली. मास्तरांनी पान उघडलं. डावीकडे त्यांचे आकडे होते, साडेदहा, दहा चाळीस, साडेदहा. उजवीकडचा रकाना कोरा होता. वजाबाकी केलेलीच नव्हती.

मास्तरांचं बोट त्या कोऱ्या रकान्यावर कितीतरी वेळ होतं. मी त्यांच्या शेजारी उभा होतो. तो रकाना माझा.

त्या दिवशी सकाळी मला धक्क्यावर निरोप आला होता की बायकोला दवाखान्यात नेलंय. अर्ध्या तासात परत येऊ असं वाटून मी खांब सोडून गेलो. मुलगा दुपारी झाला. मास्तर लांब नावेत, त्यांना काय कळणार. संध्याकाळी कळलं तेव्हा ते वही तशीच ठेवून दवाखान्यात आले आणि मुलाला हातात घेऊन म्हणाले, तीन किलोच्या आत आहे, माझं शिसं याच्याहून जड. पुढच्या ओहोटीला पुन्हा मोजू असं ठरलं. दुसऱ्या दिवशी त्यांना दुसऱ्या बंदरात दोन महिने पाठवलं. मधल्या काळात टंकलेखकाने पान होतं तसं टाइप करून वर धाडलं. परत आल्यावर मास्तरांना वाटलं, आपल्यामागे कुणीतरी पुन्हा मोजलं असेल. मलाही तसंच वाटलं, किंवा तसं वाटून घेणं सोयीचं होतं. मोठं जहाज कधी आलंच नाही, म्हणून आकड्याची गरजही पडली नाही.

“छापलेला आकडा मी खरा धरला,” मास्तर म्हणाले. “माझाच आकडा, आणि मीच तो छापलेला बघून खरा धरला.”

माझ्याकडे त्यांनी बघितलंसुद्धा नाही. बघितलं असतं तर बरं झालं असतं.

मग म्हणाले, कदाचित त्या दिवशी ओहोटीच असेल. मोजू या. दोन दिवसांनी अमावास्येची मोठी ओहोटी होती. आम्ही सकाळी एका ओळखीच्या मच्छीमाराची होडी घेतली आणि मुखाशी गेलो. मास्तरांनी चरबी भरली, शिसं सोडलं. दोरी हातातून सरसर गेली आणि लगेच सैल पडली. साडेसात. त्यांनी पुन्हा सोडलं. साडेसात. होडी दहा हात पुढे घ्यायला सांगितली, सात चाळीस. डावीकडे, साडेसात. किल्ली हरवलेला माणूस तोच खिसा पुन्हा पुन्हा चाचपतो, तसं चाललं होतं. त्यांचा शर्ट कोपरापर्यंत भिजला, दोरीने तळहात सोलवटला. होडीवाला कंटाळून म्हणाला, “मास्तर, समुद्र तोच आहे हो.”

“गाळ साचला असेल,” मी म्हणालो. “गाळ उपसता येतो.”

मास्तरांनी शिशाचं बूड माझ्यासमोर धरलं. चरबी स्वच्छ होती. तिला ना वाळू लागली होती ना गाळ, नुसता एक चपटा खड्डा पडला होता. खाली खडक होता. त्यांनी वही उघडून जुनं पान दाखवलं. कडेला त्यांच्याच बारीक अक्षरात लिहिलं होतं, तळ खडक. एकोणतीस वर्षांपूर्वी होता तोच. तिथे होडीत बसून ते रडतील की काय असं मला वाटलं, पण त्यांनी फक्त दोरी गुंडाळायला घेतली आणि गुंडाळता गुंडाळता दोनदा चुकले. तीस वर्षांत ते दोरी गुंडाळताना चुकलेले मी फक्त तेव्हाच पाहिले.

दुपारी ते साहेबांकडे गेले. मी बाहेर बाकावर बसलो. दार उघडंच होतं. साहेब वाईट माणूस नव्हते. त्यांनी मास्तरांना पाणी दिलं, खुर्ची दिली आणि समजूत घातली. आकडा पुस्तिकेत आहे, भिंतीवर आहे, मंत्र्यांच्या भाषणात आहे. कंपनी स्वतःची यंत्रं आणून मोजेलच, पण करार झाल्यावर. एकदा करार झाला की ते लोक खडकसुद्धा फोडतील. नाहीतर हे सगळं गाव पुन्हा होतं तिथे.

“मास्तर, छापलेलं पाणी ओहोटीने कमी होत नाही,” साहेब हसत म्हणाले. “तुमच्या निवृत्तीला आठ महिने राहिलेत. सुखाने घरी जा.”

मास्तर हसले नाहीत. त्यांनी विचारलं, खडक फोडायला किती वर्षं लागतात. साहेबांनी खिडकीबाहेर बघितलं.

घरी लेकीला सांगायला मास्तरांनी मला सोबत नेलं. का नेलं, ते मी विचारलं नाही. लेक भाजी चिरत होती. सगळं ऐकून घेतलं तिने. चाकू खाली ठेवला नाही. मग ती बोलायला लागली ते थांबेचना. एवढी वर्षं जे चाललं ते आणखी सहा महिने चाललं असतं तर काय बिघडलं असतं, आईच्या आजारपणातसुद्धा तुम्ही नावेवर होता, माझ्यासाठी म्हणून एकदा तरी गप्प बसा, एवढंच मागते. पोर दारात उभी राहून ऐकत होती.

मास्तर हळूच म्हणाले, “अगं, तुझा नवरा ज्यावर आहे ना, तसंच एखादं भरलेलं जहाज येईल तिथे. इंजिनघर सगळ्यात खाली असतं. आधी पाणी शिरतं ते तिथेच.”

लेक उठून आत गेली. आम्हाला चहा विचारला नाही. त्या घरात असं कधी झालं नव्हतं.

कंपनीची माणसं ठरल्या दिवशी आली. दिवाणखान्यासारखी सजवलेली खोली, पाण्याच्या बाटल्या, भिंतीवर किनाऱ्याचा नकाशा. लेक काठी घेऊन उभी राहिली आणि सगळं नीट बोलली, रस्ता, वीज, शिकलेले हात. आवाज एकदाही कापला नाही. साडेदहा मीटरवर आली तेव्हा मात्र काठी नकाशाला न लावता हवेतच धरली. पाहुण्यांत एक इंजिनिअर बाई होत्या, साध्या, चष्मा लावलेल्या. त्यांनी वही मागून घेतली, पान चाळलं आणि वर बघून विचारलं की हा आकडा भरतीचा आहे की ओहोटीचा.

साहेब म्हणाले, ओहोटीचाच. बाईंनी त्यांच्याकडे न बघता मास्तरांकडे बघितलं. मास्तर मागच्या भिंतीला टेकून उभे होते. मी त्यांच्यापासून दोन खुर्च्या सोडून. मनात म्हणालो, मास्तर, बोलू नका. आणि मग म्हणालो, बोलायचं तर मी बोलायला हवं. दोन्ही वेळा ओठ हलले नाहीत.

“भरतीचा आहे,” मास्तर म्हणाले. “वजाबाकी राहिली. ओहोटीला साडेसात. तळ खडक. वही माझी आहे, चूक माझी आहे.”

कोणी ओरडलं नाही. बाईंनी वही मिटून दोन्ही हातांनी त्यांना परत दिली आणि आभार मानले. जेवणाची व्यवस्था केली होती, पण मंडळी जेवायच्या आधीच निघाली. महिन्याभराने कळलं की त्यांनी दुसरा किनारा निवडला. ‘भाड्याने देणे’च्या पाट्या तशाच राहिल्या आणि उन्हाने पांढऱ्या पडल्या. न्हावी मास्तरांची दाढी करायचा, पण बोलायचा नाही. मास्तर म्हणायचे, बरंच आहे, पूर्वी फार बोलायचा. कक्ष बंद झाला, लेकीचं काम गेलं. घरात ती वडिलांना ताट वाढायची आणि आतल्या खोलीत जाऊन जेवायची. पोर झोपाळ्यावर बसली की शिकलेले हात म्हणायची, तेव्हा लेक तिला दुसरं काहीतरी म्हणायला सांगायची.

पाच महिन्यांनी जावयाला फार लांबच्या एका बंदरात जमिनीवरचं काम मिळालं. लेक पोरीला घेऊन तिकडे जायला निघाली. मास्तरांना कोणी या म्हणालं नाही, आणि म्हटलं असतं तरी ते गेले नसते. बसस्थानकावर मी तिची जड पेटी घेऊन गेलो होतो. पोर खिडकीतून आजोबांच्या बोटाशी खेळत होती. लेक सीटवर बसली आणि इतक्या महिन्यांत पहिल्यांदा वडिलांकडे सरळ बघून बोलली.

“बाबा, त्या दिवशी खांबावर कोण होतं?”

पेटी अजून माझ्या हातात होती. मास्तर, ज्यांना टोपी कुणाची बुडाली तेही लक्षात असायचं, त्यांनी पोरीच्या हातातून आपलं बोट सोडवून घेतलं.

“आठवत नाही गं,” ते म्हणाले. “फार वर्षं झाली.”

लेक त्यांच्याकडे बघत राहिली. मग तिने माझ्याकडे बघितलं, पेटी घ्यायला म्हणून असेल. मी पेटी वर दिली. काका, नीट जा, असं ती म्हणाली. मी तोंड उघडलं होतं, हे मला आठवतं. कंडक्टरने दार लावलं.

बस वळणापलीकडे गेली. मग आम्ही चालायला लागलो, ते पुढे आणि मी एक पाऊल मागे, धक्क्यावर जाताना चालायचो तसेच. कोपऱ्यावर ते थांबले, माझी वाट बघितली आणि दर महिन्याला विचारायचे तसंच विचारलं.

“मुलगा कसा आहे तुझा?”

“बरा आहे,” मी म्हणालो.