ठिपक्यांचं पान

म्हातारे रोज एकाच बाकावर बसले की किस्से आपोआप साचतात. अंथुर्ण्यात शेती अन् जनावरांच्या बाबतीत आमच्या बाकाचा शब्द शेवटचा. मी चौथी शिकलोय, पण माझा शब्द कुणी मोडलेला नाही. मग बारामती एमआयडीसीत कामाला असलेल्या मुलाने नातीसाठी चित्रांची विज्ञानाची पुस्तकं आणली. नऊ वर्षांची आरोही ती घेऊन बाकावर यायला लागली आणि आमचा शब्द रोज पणाला लागला!

*

पहिल्याच दिवशी पुस्तकातून गाय निघाली. उभी, डोळे उघडे, आणि कूस कापलेली! बाकावरच्या नामदेवतात्यांच्या गोठ्यात बारा गाई. ते ताडकन उठले.

"जित्या गाईला कापलंय? कोण हाय हा चित्रकार?"

"तात्या, आतलं दिसावं म्हणून तसं काढलंय. हे बघा, पोटाचे चार कप्पे."

तात्यांनी बोट ठेवून दोनदा मोजले.

"तरीच पेंडीचं पोतं पुरंना!"

*

मग माशी. पानभर! पायांवर काट्यांसारखे केस.

"असली माशी आपल्याकडं न्हाय," तात्या म्हणाले.

आरोहीने त्यांच्या कपाच्या काठाकडे बोट दाखवलं. "ही काय!"

तेव्हापासून बाकावर चहा बशी झाकून येतो.

*

सूर्य दोन पानं भरून होता आणि पृथ्वी मोहरीएवढी.

"ह्यात आपलं गाव कुठं?" मी विचारलं.

"दिसणारच नाही, आबा."

माझा अन् तात्यांचा वीतभर बांधाचा वाद जुना. त्यांनी संधी साधली. "मग ती वीत सोडा की आता!"

"न्हाय," मी म्हणालो.

*

हसनभाई डाळिंबाचे व्यापारी. फळाला टिचकी मारायची, आवाज ऐकायचा, मगच तोडायला सांगायचं. इंदापूर तालुक्यात त्यांच्या कानाचं नाव. त्या दिवशी सौद्यासाठी दोन नवे बागायतदारही आले होते.

आरोहीने एक पान उघडलं. हिरव्या ठिपक्यांमध्ये लाल ठिपक्यांचा आकडा.

"सात," तात्या म्हणाले. मलाही सातच दिसला.

हसनभाईंनी चष्मा पुसला. "कुठं हाय सात? नुसते ठिपके हायत."

आरोहीने खालची ओळ मोठ्याने वाचली, "ज्यांना लाल आणि हिरवा वेगळा ओळखता येत नाही, त्यांना हा आकडा दिसत नाही."

पिकलं-कच्चं ठरवणारा हा माणूस! बागायतदार एकमेकांकडे बघायला लागले. तीस वर्षं माझी बाग यांच्याच हातात!

हसनभाईंनी चष्मा खिशात ठेवला.

"आबा, ह्या तीस वर्षांत तुमच्या बागेतलं एक तरी फळ मी कच्चं तोडलं का?"

"न्हाय."

"आणि रंग बघून तुमी?"

मी आरोहीला म्हणालो, "पुढचं पान काढ."