अप्पांचे सोळा किलोमीटर

पुणेकर रोज किती गाडी चालवतात, हे मी खुर्चीत बसून सांगतो. त्याचा मला पगार मिळतो. काही घरांकडून तक्ते भरून घ्यायचे, कोण कुठे आणि कशाने गेलं, आणि त्यावरून अख्ख्या शहराचं गणित कॉम्प्युटरवर मांडायचं. याला आम्ही मॉडेल म्हणतो. (बायको वेगळं काहीतरी म्हणते.)

नवा तक्ता आला, तो आधी घरीच भरून बघायचं ठरवलं. खरं तर मला अप्पांना पकडायचं होतं! वडील चौऱ्याहत्तर वर्षांचे. तरी कोथरूडहून रोज सकाळी स्कूटरवर मंडई. कोथिंबीर इमारतीखालीही मिळते, पण "तिला कोथिंबीर म्हणतात?" शेवटी मी बजावलं होतं, "मंडई सोडून एक किलोमीटर जरी जास्त झाला, तर किल्ली जप्त!" अप्पांनी कबूल केलं, म्हणून तर मला जास्तच भीती वाटत होती.

स्कूटर एकच. सकाळी त्यांची, दहानंतर माझी. सकाळी मीटरचा आकडा टिपून ठेवला होता, संध्याकाळी पुन्हा पाहिला. दिवसभरात चव्वेचाळीस! मंडईचे बारा, माझ्या ऑफिसचे जाऊन-येऊन सोळा. मग उरलेले?

"अप्पा, सोळा किलोमीटर कुठे हिंडलात?"

"मंडईत गेलो होतो."

"आणि मग?"

"मग आलो. तिथे मुक्कामाची सोय नाही."

"चेष्टा नकोय! पडला असतात तर? द्या ती किल्ली!"

मी चक्क ओरडलो. अप्पांनी खिशातून आपली किल्ली काढून टेबलावर ठेवली.

तेवढ्यात बायकोने माझा तक्ता उचलला.

"अहो, इथे 'एकदा गेलो, एकदा आलो' लिहिलंय."

"मग? नोकरदार माणूस तेवढंच करतो. मॉडेलमध्ये तसंच आहे. मी तर सकाळीच भरून टाकला!"

"आणि ऑफिसच्या दारातून डबा न्यायला परत आलात, ते कोणत्या मॉडेलमध्ये बसतं?"

आठ आणि आठ सोळा.

अप्पांनी टेबलावरची किल्ली उचलली आणि दुसरा हात माझ्यापुढे पसरला.

"एक किलोमीटर जरी जास्त झाला तर, असंच ठरलं होतं ना आपलं?"

सध्या मी बसने जातो. रस्त्यावरची वाहनं कमी व्हावीत म्हणून आजवर मी कितीतरी अहवाल लिहिले; त्यांतून प्रत्यक्षात कमी झालेला पहिला स्कूटरवाला मीच!