सावनीची नोंद कशात करायची?

नागपूरच्या एका मराठी शाळेच्या ऑफिसात सरला ढोबळे यांनी एकतीस वर्षं कारकुनी केली. प्रवेशाचे अर्ज, हजेरीपट, शाळा सोडल्याचे दाखले, सगळं त्यांच्या हातून जायचं. कागद वाचताना ओळीखाली पट्टी धरायची आणि ओळ संपली की पट्टी खाली सरकवायची, ही त्यांची पद्धत. वेळ लागायचा, पण त्यांनी तपासलेला कागद शिक्षण खात्यातून परत आला असं सहसा झालं नाही.

रिटायर झाल्यावर त्या सहा महिन्यांसाठी लेकीकडे, ॲरिझोनातल्या चँडलरला आल्या. जावई संग्राम चिपच्या कारखान्यात इंजिनिअर. लेक नेत्रा रसायनशास्त्रात एमएस्सी, पण व्हिसामुळे तिला नोकरी करता येत नव्हती. नात सावनी दहा वर्षांची.

पोचल्याच्या दुसऱ्या दिवशी सोमवार होता. सकाळचे नऊ वाजले तरी सावनी पायजम्यातच, कॉर्नफ्लेक्स खात निवांत बसलेली.

"हिची शाळा नाही आज?" सरलाताईंनी विचारलं.

"शाळेतून काढलंय तिला," नेत्रा म्हणाली. "मागच्याच आठवड्यात. आता मीच शिकवणार. फोनवर सांगितलं असतं तर तू विमानातच बसली नसतीस."

सावनीला डाव्या कानानं जवळजवळ ऐकू येत नव्हतं. शाळा वाईट नव्हती, बाई प्रेमळ होत्या, पुढच्या बाकावर बसवायच्या. पण तीस मुलांच्या गलक्यात एका कानानं शब्द वेचता वेचता पोर थकून जायची. घरी आली की बूटसुद्धा न काढता सोफ्यावर झोपायची. खेळणं नाही, बोलणं नाही. हे सगळं सरलाताईंना पटलं. पटलं नाही ते एवढंच, की मूल शाळेत नाही आणि त्याची नोंदही कुठे नाही.

"मग ही कोणत्या इयत्तेत आहे असं लिहायचं?" त्यांनी विचारलं. "आणि लिहायचं कशात?"

"नोंद असते आई. काउंटीच्या, म्हणजे इथल्या जिल्ह्याच्या, शिक्षण ऑफिसात प्रतिज्ञापत्र द्यायचं, की आम्ही मुलाला घरी शिकवतोय. वाचन, व्याकरण, गणित, विज्ञान, समाजशास्त्र. तीस दिवसांच्या आत."

"आणि मग तपासायला कोण येतं?"

"कोणी नाही."

सरलाताई बोटांवर दिवस मोजत म्हणाल्या, "तीस दिवसांपैकी किती झाले?"

दोन दिवसांनी त्या नेत्राबरोबर फिनिक्सच्या ऑफिसात गेल्या. काउंटरवरच्या बाईंनी कागद पाहिले आणि सावनीचा जन्मदाखला हळूच परत सरकवला. दाखल्यावर जन्मतारीख होती, आईबापांची नावं होती, पण बाळाच्या नावाच्या रकान्यात नुसती आडवी रेघ. जन्माची नोंद बारशाच्या आधीच झाली होती आणि नाव घालायला नंतर कोणी महानगरपालिकेत गेलंच नव्हतं. पासपोर्ट दाखवावा, तर तो नूतनीकरणासाठी वकिलातीत अडकलेला.

सरलाताईंचा चेहरा लाल झाला. नावाचा रकाना रिकामा म्हणून त्यांनी शेकडो आईबापांना माघारी पाठवलं होतं, वर दोन शब्द ऐकवलेही होते. आणि इथे सख्ख्या नातीच्या दाखल्यावर तीच रेघ.

गाडीत बसल्यावर नेत्रा वैतागून म्हणाली, "आता नागपूरहून नवीन दाखला येईपर्यंत महिना जाईल, आई. मुदत संपेल."

सरलाताईंनी पर्समधून छोटी पट्टी काढली आणि ऑफिसातून आणलेलं सूचनांचं पान वाचायला घेतलं. इंग्रजी बोलताना त्या अडखळायच्या, पण सरकारी इंग्रजी त्यांना तोंडपाठ होतं. सिग्नलला गाडी थांबली तेव्हा त्या म्हणाल्या, "हे बघ. जन्मदाखला देता येत नसेल, तर शाळेतल्या प्रवेशाची मूळ नोंद चालते. सोबत दाखला का देता येत नाही याचं प्रतिज्ञापत्र जोडायचं. सावनी पहिलीत आपल्याच शाळेत होती की. घरचीच पोर म्हणून तेव्हा मी तिचा दाखला पाहिलाच नाही."

त्या संध्याकाळी, तिकडे सकाळची शाळा भरली तेव्हा, त्यांनी शशिकांतला फोन लावला. त्यांच्या खुर्चीवर आता तो बसत होता.

"मॅडम, तुम्ही तिकडेही काम करूनच राहिल्या का?" तो म्हणाला.

"जनरल रजिस्टर काढ. सावनीची नोंद सापडेल. उतारा काढ, मुख्याध्यापिकाबाईंची सही घे, शिक्का स्पष्ट उठव, आणि कुरिअर कर. शिक्का पुसट आला तर दुसरा उतारा काढ."

पाकीट नवव्या दिवशी आलं. सोबत रजिस्टरच्या त्या पानाची साक्षांकित झेरॉक्सही होती. इंग्रजी भाषांतर करून घेऊन दोघी पुन्हा काउंटरवर गेल्या. बाईंनी मराठी पान कौतुकानं न्याहाळलं. एकही खाडाखोड नव्हती.

"किती सुंदर अक्षर आहे," त्या इंग्रजीत म्हणाल्या. "कोणाचं?"

"माझ्या आईचं," नेत्रानं सांगितलं.

"आय वॉज क्लार्क," सरलाताई पुढे होऊन म्हणाल्या. "थर्टी वन इयर्स."

"मी चौदा वर्षं आहे या खिडकीत," बाई म्हणाल्या आणि उठून त्यांनी हात मिळवला. कागद स्वीकारले गेले. परतताना सरलाताईंनी पोच तीनदा वाचली आणि घरी आल्यावर फाइल मागितली.

महिनाभर छान गेला. मग सावनीला ऐकण्याचा सराव करून घेणाऱ्या थेरपिस्टची फी नेत्राला जड वाटायला लागली. बागेत भेटणारी एक आई म्हणाली, राज्य सरकार मुलांच्या शिक्षणासाठी खातं उघडून त्यात पैसे देतं, घरी शिकणाऱ्यांनाही मिळतं, थेरपीही त्यात बसते.

संग्राम बिचकला. "आपण व्हिसावर आहोत. सरकारचे पैसे घेऊन उगाच पुढे काही निघालं तर?"

"तुमचं बरोबर आहे," सरलाताई जावयाला म्हणाल्या. "आधी वकिलाला विचारा, आणि उत्तर लेखी घ्या."

वकिलाचं उत्तर चार दिवसांत ईमेलनं आलं: त्यांच्या बाबतीत हरकत दिसत नाही. नेत्रानं लगेच अर्ज भरला. तो मंजूर होऊन करार आला, आणि ती लॅपटॉपवर सही करायला बसली.

"प्रिंट काढ," सरलाताई म्हणाल्या.

"आई यार, हे सगळं ऑनलाइन असतं. नुसतं क्लिक करायचं."

"प्रिंट काढ."

सगळी पानं निघाली. सरलाताई पट्टी घेऊन बसल्या. जेवणं झाली, भांडी झाली, तरी पट्टी सरकतच होती. शेवटी त्यांनी हाक मारली.

"नेत्रा, इकडे ये. हे खातं घेतलं तर ते प्रतिज्ञापत्र ठेवता येत नाही. दोन्हीतलं एकच. तू आज सही केली असती, तर दोन्हीकडे खरं लिहून एक ठिकाणी खोटी पडली असतीस."

नेत्रानं ते कलम दोनदा वाचलं आणि खुर्ची ओढून आईशेजारी बसली. "मी तर क्लिकच करत होते."

"म्हणजे सावनी घरीच शिकणार," सरलाताई स्वतःशीच मांडणी करत म्हणाल्या, "पण कायद्यानं 'घरी शिकणारी' नाही. अजब आहे. पण लिहिलंय स्पष्ट."

सावनीला मजा वाटली. "सो व्हॉट ॲम आय, आजी?"

"तू करारातली विद्यार्थिनी आहेस. आणि सातचा पाढा राहिलाय."

आधी काउंटीला पत्र देऊन प्रतिज्ञापत्र मागे घेतलं, त्याची पोच घेतली, आणि मगच नेत्रानं करारावर सही केली. खातं सुरू झालं. थेरपिस्टचं पहिलं बिल त्यातून मंजूर झालं, तेव्हा संग्रामनं कारखान्यातून येताना श्रीखंड आणलं.

सगळ्यात मोठा बदल सावनीत होता. शांत घरात तिला आईचा प्रत्येक शब्द ऐकू येई. दुपारी तीन वाजता अभ्यास संपला की ती सायकल काढून शेजारच्या मुलींकडे पळे. जेवताना ती इतकी बोलायला लागली, की संग्रामला मध्ये 'मीठ दे' म्हणायलाही फट मिळेना.

वाचनालयात दर गुरुवारी घरी शिकवणाऱ्या आया मुलांना घेऊन जमायच्या. तिथे नेत्रानं आईनं पकडलेलं ते कलम सहज एकीला सांगितलं. पुढच्या गुरुवारी ती बाई स्वतःचे कागद घेऊन आली. तीन मुलांची आई, नर्स, डोळ्यांखाली काळी वर्तुळं. तिनं दोन्हीकडे सही केली होती आणि आता दोन्हीतलं एक रद्द करा असं सरकारचं पत्र तिच्या हातात होतं. त्या दिवशी नेत्राबरोबर आलेल्या सरलाताईंनी पत्र वाचलं, प्रतिज्ञापत्र मागे घ्यायचा मजकूर मराठीतून सांगितला आणि सावनीनं तो इंग्रजीत म्हणून दाखवला. एका शब्दाशी अडली, तेव्हा नेत्रानं मदत केली.

"हाऊ मच डू आय ओ यू?" त्या बाईनं विचारलं.

"काही नाही म्हणावं," सरलाताई सावनीला म्हणाल्या. "फक्त पोच घ्यायला विसरू नको म्हणावं."

त्याच्या पुढच्या गुरुवारी चौघी आल्या, प्रत्येकीच्या हातात फाइल. नेत्रानं वाचनालयाच्या बाईंना विचारून खिडकीजवळचं मोठं टेबल दर गुरुवारी दहा ते बारा आईसाठी मागून घेतलं.