ऐंशीच्या पुढे

आमच्या गाडीचा नियम ह्यांनीच घातलेला होता. घरून निघताना ती पूर्ण भरलेली असावी, कारण घरी ती अंगणात उभी असते, तिला कितीही वेळ लागला तरी कोणाचं काही अडत नाही. वाटेत मात्र चार्जिंगच्या मशीनवर लावली की ऐंशी टक्क्यांवर काढायची आणि निघायचं. ऐंशीच्या पुढे थांबायचं नाही.

हे पूर्वी तळेगाव ते आष्टी जीप चालवायचे. जीप थकली तशी विकली आणि ही बॅटरीची पांढरी गाडी घेतली, तीही दुसऱ्यानं वापरलेली. गावात लोक हसले. "टार्चच्या सेलवर कुठवर जाशीन बे?" म्हणायचे. हे चिडले नाहीत. पेशंट घेऊन सेवाग्रामला, नागपूरला जाऊ लागले, लग्नाची माणसं घेऊन अकोल्यापर्यंत जाऊन आले, आणि गाडीचा स्वभाव त्यांना कळत गेला. एकदा मी अंगणात नळाखाली पाण्याचा गुंड लावला होता. तो दाखवून म्हणाले, "पाह्य, रिकामा असला की धार सोडून द्याची. गळ्यापाशी आला की नळ बारीक करा लागते, नाई तं सांडते. गाडीचंबी तसंच हाय. ऐंशीपर्यंत धो धो भरते, मंग मशीन हात आखडते. त्या वरच्या वीससाठी थांबण्यापेक्षा माणूस पुढं निंगून जाते."

भाड्याच्या लोकांनाही हेच सांगत. कोणी म्हटलं, "भरू द्या ना पूर्ण, टेन्शन नको," तर म्हणत, "टेन्शन घरी ठेवून येत जा, भाऊ. मशीन पुढंबी हाय." मला ऐकायला बरं वाटायचं. जन्मभर दुसऱ्यांच्या घाईनं चाललेला माणूस, त्याला स्वतःचं असं काही तरी सापडलं होतं.

आम्हाला एकच मुलगी. ती नर्सचं शिकली आणि जळगावला एका दवाखान्यात लागली. तिथेच काम करणाऱ्या मुलाशी तिनं कोर्टात लग्न केलं. मुलगा आमच्याच तालुक्यातला, पण आमच्या समाजाचा नाही. ते बौद्ध. तिनं आधी फोन करून सांगितलं होतं. हे एक शब्द बोलले नाहीत. ओरडले असते तर मी समजूत तरी घातली असती. त्या दिवसापासून तिचं नाव त्यांच्या तोंडून गेलं. तिचा फोन आला की हे फडकं घेऊन गाडी पुसायला जायचे. अख्ख्या तळेगावात आमच्या गाडीएवढी स्वच्छ गाडी नव्हती, आणि ती एवढी स्वच्छ का, हे फक्त मला ठाऊक होतं.

मला पहिल्यापासून फार बोलता येत नाही. चार माणसांत तर नाहीच. पण मुलीशी मी बोलायची, गोठ्यात जाऊन. तिला सगळं सांगायची, गाडीचंसुद्धा. वीसवर लावायची, ऐंशीवर काढायची, हे तिला पाठ झालं होतं. ती हसायची. म्हणायची, "बाबाले परीक्षेचे मार्कबी इतले पाठ नसतीन माह्ये."

लग्नाला चार वर्षं झाली, आणि मागच्या थंडीत तिचा फोन आला. दोघांनाही परदेशात दवाखान्यात काम मिळालं होतं. जळगावहून दुपारच्या रेल्वेनं मुंबई, आणि तिथून विमान. कधी येणं होईल ते सांगता येत नाही म्हणाली. मग म्हणाली, "आई, तू येजो. बाबाले विचारजो. नाई म्हनले तर काई म्हनू नको त्याइले."

मी ह्यांना वाढताना सांगितलं. समोर बघून सांगायची हिंमत नव्हती, वरणाकडे बघून सांगितलं. हे जेवले, हात धुतले, आणि दारातून म्हणाले, "पहाटे निंगू. गाडी लावून ठेवतो."

मी आतल्या खोलीत जाऊन रडले, पण ते रडणं वेगळं होतं. मग ओटीचं सामान काढलं. लग्नात तिची ओटी भरायची राहिली होती. खण, नारळ, तांदूळ, हळकुंड, सुपारी, सगळं एका नव्या रुमालात बांधलं. कोथिंबीर भरून सांबारवड्या केल्या आणि डब्यात भरल्या. ती लहानपणी चुलीपाशी बसून गरम गरम उचलायची. संत्री तर घरचीच होती.

पहाटे निघालो. ह्यांनी लग्नाकार्यात घालतात तो पांढरा शर्ट घातला होता. अमरावती येईपर्यंत उजाडलं. हे चांगले बोलत होते. रस्त्याच्या कडेच्या कपाशीबद्दल, कोण्या ट्रकवाल्याबद्दल. अकोला मागे पडलं आणि हे गप्प झाले. मला वाटलं, गाडीची बॅटरी उतरत आली म्हणून लक्ष तिकडे असेल. आकडा वीसच्या जवळ आला होता. रस्त्यावर एका हॉटेलच्या आवारात मशीन होती, तिथे त्यांनी गाडी लावली. दोन मशीन होत्या, पैकी एक बंद.

माझं शिक्षण चौथीपर्यंत, पण आकडे मला नीट वाचता येतात. मी चहा घेऊन मशीनपाशीच उभी राहिले. आकडा भराभर चढत होता. साठ झाले, सत्तर झाले. आमच्या मागे एक लाल गाडी येऊन थांबली. तरुण मुलगा चालवत होता, शेजारी त्याची आई. ऐंशी झाले तसा मी ग्लास ठेवला आणि गाडीत जाऊन बसले. डबा मांडीवर घेतला.

हे आले नाहीत. हॉटेलच्या खांबाला टेकून उभे होते.

मी उतरून जवळ गेले. "अहो, ऐंशी झाले."

"राहू दे. पूर्ण होऊ दे."

"पुरते म्हणत होते ना तुम्ही तितल्यात?"

"पुढची मशीन बंद असली तर? घरचं काम नाई हे, थांब ना वं जराशीक."

मी थांबले. मला खरंच वाटलं की पुढे काही अडचण असेल. ब्याऐंशी झाले. मग किती तरी वेळानं त्र्याऐंशी. लाल गाडीतला मुलगा येऊन म्हणाला, "काका, ऐंशी झाले ना तुमचे. सोडा आता, आमचंबी लावू द्या."

"लांब जाचं हाय आमाले."

"कुठं?"

"जळगावले."

"इथून जळगाव? काका, तितल्यात तुमी जाऊन चहा पिऊन अर्धे वापसबी यान."

हे हसले नाहीत. तेवढ्यात त्याची आई माझ्याजवळ आली. चांगली बाई होती. "कोणाकडं चालल्या, बाई?" म्हणाली. मी कशीबशी म्हटलं, "पोरीकडं. दूर चालली ती, परदेशात." तिनं माझ्या हातातला डबा पाहिला, रुमालात बांधलेली ओटी पाहिली. मग मुलाला हाक मारली, "ए, घाई करू नको त्याइले. लेकीले भेटाले चालले ते. होऊ दे त्याइचं पूर्ण." मुलगा मुकाट्यानं गाडीत जाऊन बसला. तिनं माया केली, पण माझ्या बाजूनं बोलणारं एकच माणूस तिथे होतं, ते असं गेलं.

मुलीचा फोन आला. "आई, कुठवर आले?"

"मशीनवर हावो."

"किती झाले?"

"नव्वद."

तिच्या मागे भांड्यांचा, सामान बांधण्याचा आवाज येत होता. मग हळूच म्हणाली, "बाबा तर ऐंशीवर काढते." ती म्हणाली, "त्याइले सांग, मी काईच विचारणार नाई. फक्त पाया पडून घेईन. घाबरू नका म्हना."

तोपर्यंत माझ्या लक्षात आलं नव्हतं ते तिच्या तिकडे बसून लक्षात आलं. हे घाबरले होते.

मी जाऊन तसंच्या तसं सांगितलं. हे काच पुसत होते. पुसता पुसता हात थांबला. "तिचा सासराबी असन ना स्टेशनवर?"

"असतीन. लेक चालला त्याइचा."

मग ह्यांनी माझ्याकडे न बघता सांगितलं. "तो माह्या जीपनं आष्टीले जाय. रोज, मजुरीले. सीट खाली असली तरी मी त्याले आत बसू देत नोतो. मांगं, पायरीवर लटकून. पाण्यापावसाचाबी. बोल्ला नाई कधी काई. उतरला की 'येतो भाऊ' म्हने. आता काय तोंड घेऊन उभा राहू वं त्याच्यासमोर?"

चार वर्षं मी ज्याला राग समजत होते तो राग नव्हताच. मी म्हटलं, "तरी चला." एवढंच. ते मान हलवून हो म्हणाले, पण हात वायरपर्यंत जाईना. शेवटी शंभर झाले आणि मशीन आपोआप बंद पडली. आता थांबायला काही कारण उरलं नाही, तेव्हा निघालो.

मग ह्यांनी गाडी पळवली. मी त्यांना कधी इतकं पळवताना पाहिलं नव्हतं. पण जळगावात शिरताना रस्त्याचं काम चालू होतं, गाड्या खोळंबून होत्या. फोन वाजत होता. मी "आलो, आलो" म्हणत होते. नंतर तिचा आवाजच तुटत गेला.

स्टेशनवर पोचलो तेव्हा रेल्वे सुटलेली होती. रिकाम्या रुळांकडे बघत हे उभे राहिले. फलाटावरच्या बाकावर एक म्हातारा माणूस बसला होता, धुतलेलं धोतर, डोक्याला रुमाल. तो उठून आमच्याकडे आला. सगळी माणसं निघून गेल्यावर तो एकटा आमच्यासाठी थांबला होता.

"आले काय, भाऊ?" म्हणाला. मग माझ्याकडे वळून, "दारातच उभी होती, बाई. गाडी हालली तरी आत जाईना. पोरानं धरून नेलं."

ह्यांनी हात जोडले. म्हाताऱ्यानं त्यांचे जोडलेले हात धरून खाली केले. "राहू द्या. रस्ता लांब हाय, होते उशीर." त्याला काय माहीत, रस्त्यानं उशीर नव्हता केला.

त्याला आमच्याच बाजूला परत जायचं होतं. एसटीनं जाईन म्हणाला. ह्यांनी ऐकलं नाही. गाडीपाशी आलो तसा तो सवयीनं मागच्या दाराकडे वळला. ह्यांनी पुढचं दार उघडून धरलं, आणि व्याह्याला हाक मारतात तशी हाक मारली. "इवाई, इथं बसा. समोर."

तो बसला. मी मागे बसले. माझ्या मांडीवर डबा आणि ओटी जशीच्या तशी. डबा उघडून मी दोघांना सांबारवड्या दिल्या. गार झाल्या होत्या. म्हातारा म्हणाला, "पोरगी सांगे, आईसारख्या कोणाले जमत नाई." गाडीत अजून निम्म्याहून जास्त भरलेलं होतं. तिच्याकडे जाताना ते आम्हाला लागलंच नव्हतं.

दिवस मावळताना त्याच हॉटेलपाशी थांबलो. ह्यांनी गाडी लावली. मी मशीनपुढे उभी राहिले. ऐंशी झाले, आणि मी हाक मारायच्या आत ह्यांनी येऊन वायर काढली.

घरी आमची वाट बघणारं कोणी नव्हतं.