कन्डोनचा अर्ज
शेंगाचटणी कुटल्याचा खमंग वास आला की मला एक इंग्रजी शब्द आठवतो. आईच्या आजारपणात माझं कॉलेज दोन महिने बुडलं, हजेरी कमी पडली, तेव्हा क्लार्कने गैरहजेरी ‘कन्डोन’ करा असा अर्ज लिहायला सांगितलं. घरी मी डिक्शनरी उघडून तो शब्द पुटपुटत बसले. आई नुकतीच हिंडूफिरू लागली होती, तरी खलबत्ता घेऊन चटणी कुटत होती. “म्हंजी काय गं त्ये?” “चूक दिसत असूनही माफ करणं.” “पोटात घालनं म्हन की!” तिचा हात थांबला. “मग माजाबी एक अर्ज लिही. तुजं कालिज मी बुडवलं.” “कुणाला लिहू?” “तुला की.” मी डिक्शनरी मिटली आणि तिच्या हातातून बत्ता घेतला. आता मीच कॉलेजात शिकवते. असा अर्ज समोर आला की आधी सही करते, मग वाचते.