बकरीचं तोंड कोणीकडे

नागपुरात सदरमधल्या एका बंदुकांच्या दुकानात रायफलीवर बसवायची दुर्बीण घ्यायला कुणी आलं, की ताराचंद पराते त्याला आधी परत पाठवायचा. "संध्याकाळी या," म्हणायचा, "सहाच्या नंतर." गिऱ्हाईक शेठजींच्या तोंडाकडे बघायचं आणि शेठजी छताच्या पंख्याकडे. दुकान चालवायची ही रीत नव्हे हे शेठजींना कळत होतं. पण ताराचंदनं निवडून दिलेली दुर्बीण कधी परत येत नाही, हेही त्यांना कळत होतं.

संध्याकाळी ताराचंद दुकानाच्या पायरीवर स्टूल मांडायचा, स्टुलावर वाळूची पिशवी आणि पिशवीवर दुर्बीण. रस्त्यापलीकडे एका बंगल्याच्या कुंपणाशी कडुनिंब होता आणि त्याखाली तिथल्या माळ्याची काळी बकरी बांधलेली असायची. झाडाखाली अंधारून आलं, की ताराचंद विचारायचा, "बकरीचं तोंड कोणीकडे आहे, सांगा." बस, एवढीच परीक्षा. ज्या दुर्बिणीतून तोंड कळेल ती घ्यायची, मग ती कपाटातली सगळ्यात स्वस्त का असेना.

परदेशी माल येणं तेव्हा जवळजवळ बंदच होतं. सहासष्ट साली कपाटात तीनच दुर्बिणी होत्या. एक अडीच पट जवळ दाखवणारी, एक चार पट आणि एक नऊ पट. आता माणसाचा स्वभाव असा, की त्याला नऊच हवी. आकडा मोठा तो माल चांगला, हे शिकाऱ्यांच्या डोक्यात पक्कं बसलेलं. पण ती नऊची पुढून अरुंद होती. भर उन्हात तिच्यातून लांबच्या पाटीवरचं अक्षर न् अक्षर वाचता यायचं आणि दिवस कलला, की तीच दुर्बीण आंधळी व्हायची. जंगलातलं जनावर काही दुपारी बारा वाजता पाण्यावर येत नाही. म्हणून ही बकरी.

ताराचंद काही शिकारी नव्हता. त्यानं आयुष्यात कशावर गोळी झाडली नव्हती. तांडापेठेतल्या विणकराचा मुलगा, बापाच्या मागावर लहानाचा मोठा झालेला. पुढं हातमागाला दिवस वाईट आले आणि तो या दुकानात लागला, तो त्याच्या बोटांमुळं. दुर्बिणीच्या आत नेम धरायला दोन बारीक रेघा असतात, आडवी आणि उभी. जुन्या दुर्बिणीतला तो धागा तुटला, की ताराचंद दुकानामागच्या कोठीतून कोळ्याचा तंतू काढून आणायचा आणि श्वास रोखून बसवायचा. असं काम करणारा नागपुरात दुसरा कुणी शेठजींच्या तरी माहितीत नव्हता.

त्यानं लग्न केलं नाही. थोरला भाऊ दादाजी आणि वहिनी कौसल्या, यांच्याच घरात तो राहिला. रात्री जेवताना दादाजी धाकट्या भावाची नक्कल करायचा. ताटातली वांग्याची फोड उचलून डोळ्याशी धरायचा आणि गंभीर तोंडानं विचारायचा, "बकरीचं तोंड कोणीकडे आहे, सांगा." कौसल्या हसत हसत दोघांना वाढायची. सोळा वर्षं तिनंच वाढलं. भावांपैकी कुणी आपल्या हातानं भात घेतला, असं त्या घरात झालं नव्हतं.

दादाजीचा माग बंद पडला तेव्हा ताराचंदनंच शेठजींना सांगून त्याला शिकारीच्या कॅम्पवर काम मिळवून दिलं. पाहुणे मचाणावर बसायचे, अंधार पडल्यावर त्यांना कंदील आणि चहा नेऊन द्यायचा, एवढंच काम.

डिसेंबरात कलकत्त्याचे एक साहेब आले. उमरेडच्या पलीकडच्या जंगलात चार दिवसांचा कॅम्प होता, जीप दारात उभी होती, दादाजी मागं सामानावर बसला होता. साहेबांना जाता जाता दुर्बीण हवी होती. दुपारचे बारा वाजले होते. ताराचंद सवयीनं "संध्याकाळी या" म्हणणार, तेवढ्यात शेठजी म्हणाले, "आज तुझी बकरी राहू दे, ताराचंद." आणि बाहेरून दादाजी ओरडला, "लवकर कर गा, ताऱ्या! साहेबाले उशीर होऊन राहिला!" भावाची नवी नोकरी, साहेबांचा मूड कशाला घालवा, असं ताराचंदच्या मनात आलं. साहेबांनी नऊची उचलली, लांबची पाटी मोठ्यानं वाचून दाखवली आणि खूश झाले. ताराचंदनं ती मुकाट्यानं रायफलीवर बसवून दिली. म्हणायला एक वाक्य पुरलं असतं.

तिसऱ्या संध्याकाळी दादाजी काळी घोंगडी पांघरून, हातात चहाची किटली आणि न पेटवलेला कंदील घेऊन पाण्याच्या बाजूनं येत होता. साहेबांनी गोळी झाडली. पंचनाम्यात साहेबांचं म्हणणं लिहिलं गेलं, की मला डुक्कर दिसलं.

त्या दिवसापासून ताराचंदच्या आतलं काहीतरी बंद झालं. तो रडला नाही. कामावर येत होता, स्क्रू आवळत होता, विचारलं तर उत्तर देत होता. एकदा दुकानातल्या सगळ्यांच्या चहात साखरेऐवजी मीठ पडलं. बाकीचे थू थू करत नळावर धावले, ह्यानं कप रिकामा करून खाली ठेवला. पायाला मुंग्या आल्या, की पाय आपला वाटत नाही, तसं त्याला सगळ्या अंगाचंच झालं होतं.

कौसल्या मात्र जिवंत होती ती रागावर. "उभ्या माणसाले कोणी डुक्कर म्हणते का, भाऊजी?" ती रोज विचारायची. "पिऊन असन तो. नाही तं काही बोलाचाली झाली असन. खोटं बोलून राहिला तो साहेब." ताराचंद मान खाली घालून जेवायचा. साहेब खोटं बोलला नाही हे त्याला ठाऊक होतं. पण तसं म्हटलं तर पुढचा प्रश्न येणार होता, आणि त्या प्रश्नाच्या उत्तरानंतर त्या घरात त्याला जागा उरणार नव्हती. दुसरं घर त्याला नव्हतंच.

एप्रिलात एका मंगळवारी कलकत्त्याहून पार्सल आलं. साहेबांना ती दुर्बीण डोळ्यासमोर नको होती, कुणालाही विकून टाका, असं लिहिलं होतं. आतला धागा तुटला होता. शेठजींनी ती ताराचंदपुढं ठेवली आणि नजर चुकवून म्हणाले, "नवा धागा टाकून ठेव. उद्या उमरेडकडचे गणपतराव येणार आहेत, त्यांना नऊचीच हवी." ताराचंदनं कोठीतून तंतू आणला, बसवला. हात जरासुद्धा कापला नाही. कापला असता तर त्याला बरं वाटलं असतं.

मंगळवारी बाजाराच्या दिवशी कौसल्या भाजी घेऊन दुकानाशी यायची आणि मग दोघं मिळून तांडापेठेला जायची. त्या दिवशीही आली. पिशवी पायरीवर ठेवली आणि तिची नजर टेबलावरच्या दुर्बिणीवर आणि शेजारच्या कलकत्त्याच्या पार्सलवर गेली.

"तेच होय?" तिनं विचारलं.

नाही म्हणता आलं असतं. तिला सगळ्या दुर्बिणी सारख्याच दिसायच्या.

"हो," ताराचंद म्हणाला.

"मले पाह्यचं आहे. त्याले काय दिसलं ते."

सहा वाजून गेले होते. ताराचंदनं स्टूल मांडलं, वाळूची पिशवी ठेवली, दुर्बीण ठेवली. डोळा किती अंतरावर धरायचा ते दाखवलं. बकरी नव्हती, माळी तिला घेऊन गावाला गेला होता. "मी उभा राहतो," तो म्हणाला. बंदुकांवर झाकायचं काळं कापड त्यानं अंगाभोवती घेतलं, रस्ता ओलांडला आणि कडुनिंबाखाली जाऊन दादाजी चालायचा तसा थोडा वाकून उभा राहिला. तोंड दुकानाकडेच केलं.

एक सायकल गेली, एक रिक्षा गेली. पायरीवर कौसल्या वाकलेली दिसत होती. बराच वेळ तिनं डोळा काढला नाही. ताराचंदला आपले पाय जाणवत नव्हते.

मग तिनं रस्त्यापलीकडून हाक मारली. "भाऊजी! तुमचं तोंड कोणीकडे आहे?"

तो काही बोलला नाही. दादाजीलाही बोलायला मिळालं नव्हतं.

तो परत आला तेव्हा ती सरळ उभी होती. "काळं गबाळं दिसते नुसतं," ती म्हणाली. "खरंच बोलला तो." चार महिने ज्या रागावर भार टाकून ती उभी होती, तो धरायला आता जागा नव्हती. तिनं दुर्बिणीकडे पाहिलं, मग समोरच्या झाडाकडे आणि मग ताराचंदकडे.

"त्याले हे कोणी देली?"

"म्या."

"बकरी न दाखवता?"

"दुपार होती," ताराचंद म्हणाला. "दादा बाहेर जीपमधी होता. घाई करून राहिला होता."

तिनं पिशवी उचलली आणि चालू लागली. ताराचंदनं दुर्बीण कपाटात ठेवली, शेठजींना एवढंच म्हणाला, "उद्या गणपतरावले सांगा, सहाच्या नंतर या," आणि तिच्या मागं निघाला. पाचपावलीच्या फाटकापर्यंत ती पुढं आणि हा दहा पावलं मागं. फाटक बंद होतं तेव्हा दोघं शेजारी उभे राहिले, मालगाडी जाईपर्यंत. ती त्याच्याकडे वळली नाही.

घरी तिनं चूल पेटवली, स्वयंपाक केला. पाट मांडला, ताट ठेवलं, भाताचं पातेलं आणि वरणाचं भांडं आणून ताटापाशी ठेवलं. मग वाढायला न बसता ती दाराच्या चौकटीशी जाऊन उभी राहिली, पाठ करून.

"हातानं घेऊन घ्या, भाऊजी," ती म्हणाली.

ताराचंदनं भात घेतला. पळी कुठं धरायची हेही त्याला नीट सुचेना, थोडा भात जमिनीवर सांडला. वरण घेतलं, कालवलं, घास तोंडात घातला. वरण खारट झालं होतं. चार महिन्यांत पहिल्यांदा त्याला ते कळलं, आणि घास तोंडात तसाच ठेवून तो रडायला लागला.